शहरातली नदी साफ करताना: महिला गटासाठी कामाचा नेमका क्रम

नदी सफाईचे उपक्रम बहुतेक वेळा पाण्यात फसत नाहीत, काठावर फसतात. पोती भरली जातात, फोटो निघतात आणि गाडी येत नाही. दोन दिवसांत कुत्री पोती फाडतात, वरून थोडं पाणी सुटलं की निम्मा कचरा परत नदीत. दुसरी नेहमीची चूक म्हणजे कचरा काढायचा, पण तो कुठून पडतो ते बघायचंच नाही. तिसरी जरा नाजूक आहे. बॅनरवर ‘महिलांच्या पुढाकाराने’ असं छापलेलं असतं आणि जागेवर निर्णय मुकादम, जेसीबीवाला आणि पाहुणे घेत असतात.

पुढचा क्रम महाराष्ट्रातल्या शहरांतले बचत गट, वस्तीस्तर संघ (एका वस्तीतल्या बचत गटांचा मिळून संघ) आणि महिला मंडळं डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. मुठा असो, मिठी, नाग किंवा पंचगंगा, टप्पे बदलत नाहीत. एका काठाचा साधारण १०० मीटरचा पट्टा आणि २४ जणी, हे माप धरलं आहे. पहिल्याच वेळी अर्धा किलोमीटर हाती घेऊ नका.

## टप्पा १: कोण काय ठरवणार, हे आधी कागदावर

पाच जबाबदाऱ्या पाच जणींना नावानिशी द्या:

१. जागाप्रमुख: महापालिका, पोलीस आणि यंत्रचालक यांच्याशी बोलणारी एकच व्यक्ती.
२. सुरक्षाप्रमुख: शिट्टी हिच्या गळ्यात. ती स्वतः कचरा उचलत नाही.
३. हजेरी आणि साहित्य: कोण आलं, कोण गेलं, कुणाला काय दिलं.
४. वजन आणि वर्गवारी.
५. गाडी: चालकाचा फोन, येण्याची वेळ, खेपा, कचरा कुठे उतरवला.

उरलेल्या १९ जणींपैकी १६ जणींचे चौघींचे चार गट करा. तिघी काठावरच थांबतील: पाणी, प्रथमोपचार आणि सामानाची राखण. मुलांना आणू नका. आणावंच लागलं तर त्यांच्यासाठी काठापासून दूर वेगळी जागा आणि वेगळी बाई हवी.

काम थांबवण्याचा अधिकार फक्त सुरक्षाप्रमुखाचा. लांब तीन शिट्ट्या म्हणजे हातातलं टाकून सगळ्यांनी वर यायचं. नगरसेवक आलेले असोत वा आयुक्त, शिट्टीनंतर कुणी खाली थांबत नाही. हा नियम पाहुण्यांना आमंत्रणातच कळवा, म्हणजे जागेवर वाद होत नाही.

वेळ ठरवताना आधी नळाला पाणी कधी येतं ते विचारा. पहाटे सहाची वेळ पत्रिकेवर छान दिसते, पण त्या वेळी डबे, पाणी, शाळा यांतून बाई सुटत नाही. मग येतात त्या घरी मदत असलेल्याच. साडेआठ ते अकरा किंवा दुपारी साडेतीन ते साडेपाच या वेळा बहुतेक वस्त्यांत जमतात.

कचरावेचक महिला सोबत असतील तर त्यांचा त्या दिवसाचा रोज बुडतो, तो भरून द्या. सर्वांत घाण काम ‘त्यांना सवय आहे’ म्हणून त्यांच्याकडे ढकलणं हा तर सरळ अपमान आहे. वर्गवारीत त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. चौथी जबाबदारी त्यांच्यातल्या एकीकडेच द्या.

## टप्पा २: नदी चालून बघा, कोरड्या दिवसात

पाऊस थांबून किमान तीन दिवस झाले की काठाने चालत पाहणी करा. हे तीन दिवस महत्त्वाचे आहेत. पावसाळी गटार कोरड्या दिवसात वाहत असेल, तर त्यात कुणीतरी मैलापाणी जोडलं आहे. पावसानंतर लगेच गेलात तर हे कळणारच नाही.

प्रत्येक नाल्याच्या आणि पाइपच्या तोंडाला क्रमांक द्या (त-१, त-२). सोबत वेळ, रंग, वास, फेस आणि जवळची ओळखीची खूण लिहा: पुलाचा खांब क्रमांक, मंदिर, विजेचा डीपी. फोटोत ती खूण आली पाहिजे. नुसत्या काळ्या पाण्याचा फोटो कोणत्याही शहराचा वाटतो.

लहान पाइपचं पाणी बादलीने मोजा. १० लिटरची बादली ८ सेकंदांत भरली, तर सेकंदाला सव्वा लिटर, म्हणजे दिवसाला सुमारे १ लाख ८ हजार लिटर.

नाला मोठा असेल तर तरंगती वस्तू सोडा. अर्धी पाण्याने भरलेली छोटी बाटली चालते. सरळ वाहणारा १० मीटरचा तुकडा निवडून बाटलीला लागणारा वेळ तीनदा घ्या आणि सरासरी काढा. १० ला त्या सेकंदांनी भागलं की वेग मिळतो. पृष्ठभागाचा वेग सरासरीपेक्षा जास्त असतो, म्हणून ०.८५ ने गुणायचं. उदाहरणार्थ रुंदी ०.६ मीटर, खोली ०.१ मीटर आणि वेग सेकंदाला ०.५ मीटर:

०.६ × ०.१ × ०.५ × ०.८५ = ०.०२५५ घनमीटर, म्हणजे सेकंदाला साडेपंचवीस लिटर. दिवसाला सुमारे २२ लाख लिटर, अर्थात २.२ एमएलडी (दशलक्ष लिटर प्रतिदिन).

खोली काठावरून काठीने मोजा, नाल्यात उतरून नाही. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी असं तीनदा मोजून सरासरी घ्या. सकाळी आठचा एकच आकडा फुगलेला असतो.

कचरा कुठून पडतो तेही याच फेरीत टिपा. पुलाचा कठडा, मटण-मासळीच्या दुकानांची मागची बाजू, घंटागाडी न पोहोचणारी गल्ली, राडारोड्याचे डंपर रात्री रिकामे होतात ती जागा. यातल्या दोन जागा तरी बंद झाल्याशिवाय सफाईची तारीख काढू नका. गल्लीत गाडी येत नसेल तर तिथली बाई कचरा टाकणार कुठे? तिला दटावण्याआधी गाडीची वेळ बदलून घ्या. पुलावर जाळी आणि निर्माल्य कलश बसवायला सांगा. कलश रोज रिकामा करणारा माणूस कोण, तेही त्याच वेळी विचारा, नाहीतर आठवड्यात कलशाभोवतीच ढीग लागतो.

तपासा: नकाशावर सगळी तोंडं, कचरा पडण्याच्या जागा, काठावर उतरायच्या दोन वाटा आणि गाडी उभी राहील ती जागा आहे का? उतरायला एकच वाट असेल तर पट्टा बदला.

## टप्पा ३: पाण्याची सुरुवातीची नोंद

साध्या संचाने सामू (पीएच), तापमान आणि विरघळलेला ऑक्सिजन तपासता येतो. तीन जागा पुरतात: पट्ट्याच्या वर, मोठ्या नाल्याच्या तोंडाखाली आणि पट्ट्याच्या शेवटी. बाटली नदीच्याच पाण्याने तीनदा विसळा, तोंड प्रवाहाच्या उलट दिशेला ठेवून पाण्याखालीच भरा आणि बुडबुडा न राहू देता तिथेच बंद करा. बुडबुडा राहिला की ऑक्सिजनचा आकडा चुकतो.

वेळ दर वेळी एकच ठेवा, शक्यतो सूर्योदयाच्या सुमारास. शेवाळ असलेल्या पाण्यात दुपारी ऑक्सिजन भरपूर दिसतो आणि पहाटे तळाला जातो. एकदा सकाळी, पुढच्या वेळी दुपारी मोजून ‘नदी सुधारली’ म्हणणारे अहवाल काही कमी नाहीत.

तुलनेसाठी आपल्याकडचा स्नानयोग्य पाण्याचा निकष धरा: ऑक्सिजन लिटरला किमान ५ मिलिग्रॅम, बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) ३ किंवा कमी, सामू ६.५ ते ८.५. बीओडी आणि जिवाणूंची तपासणी प्रयोगशाळेतच होते. जिवाणूंचा नमुना प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक बाटलीत घ्या, ती बाटली विसळू नका, आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. घरच्या संचाचे आकडे दिशा दाखवतात. कारवाईसाठी अधिकृत नमुना महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळानेच घ्यावा लागतो.

## टप्पा ४: पत्रं आणि गाडी

पत्र किमान १५ दिवस आधी द्या. महापालिकेचं क्षेत्रीय कार्यालय (घनकचरा आणि मलनिस्सारण, दोघांना वेगळं), जलसंपदा विभाग आणि स्थानिक पोलीस ठाणं. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक घ्या. पत्रात ‘सहकार्य मिळावे’ असं मोघम लिहू नका. लिहा: अमुक तारखेला अमुक वेळी दोन टिपर, राडारोड्यासाठी वेगळी गाडी, टोकदार आणि दवाखान्याचा कचरा नेणारी व्यवस्था, जागाप्रमुख म्हणून अमुक ताई, त्यांचा फोन. ‘यंत्रचालकाने जागाप्रमुखांच्या सूचनेनुसार काम करावे’ हे वाक्य त्यात असलंच पाहिजे.

जलसंपदा विभागाकडून त्या दिवशी धरणातून विसर्ग किंवा आवर्तन (शेतीसाठी पाळीने सोडलेलं पाणी) आहे का ते विचारा, आणि सकाळी निघण्याआधी पुन्हा फोन करा. उन्हाळ्यातही पाणी सोडतात. आकाश निरभ्र असलं म्हणून नदी वाढणार नाही असं नाही.

सूचना: गाडीचा क्रमांक आणि चालकाचा फोन आदल्या संध्याकाळपर्यंत हाती नसेल तर काम पुढे ढकला. वाईट वाटतं, पण काठावर सोडलेली पोती त्याहून वाईट.

## टप्पा ५: साहित्य

२४ जणींसाठी:

- नायट्राइलचा लेप असलेले जाड हातमोजे ३० जोड्या, ओले-फाटलेले बदलण्यासाठी सहा धरून
- गमबूट २० जोड्या
- लांब दांड्याचे पंजे ८, फावडी ४, घमेली ८, कोयते २, लांब चिमटे ६
- धान्याची रिकामी पोती १५०, सुतळी
- ताणकाटा, १०० किलोपर्यंतचा
- १५ मीटरचे फेकदोर ३, टोकाला अर्धी भरलेली, बूच घट्ट लावलेली बाटली बांधून
- झाकण फिरवून बंद होणारे ५ लिटरचे जाड प्लास्टिकचे कॅन ३
- हात धुण्यासाठी वेगळं ६० लिटर आणि पिण्यासाठी ५० लिटर पाणी, साबण, प्रथमोपचार पेटी

गमबुटांवर इथे थोडं थांबायला हवं. महापालिका किंवा प्रायोजक देतात ते बहुतेक ८-९ मापाचे असतात. बायकांना ४ ते ६ लागतात. सैल बूट गाळात अडकतो, पाय निघतो आणि बाई अनवाणी काचेवर उभी राहते. मापं नावांसह आधी लिहून द्या. मिळाली नाहीत तर त्या जणी काठावरचं काम करतील. हातमोज्यांचंही तेच, लहान माप मागा.

साडीपेक्षा सलवार किंवा ट्रॅकपँट बरी. साडीच नेसायची असेल तर पदर आणि निऱ्या घट्ट खोचा. बांगड्या, जोडवी घरी. मंगळसूत्र कपड्याच्या आत. जवळच्या शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या स्वच्छतागृहाची किल्ली आधीच घ्या. ही सोय नसली की बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि उन्हात चक्कर येते.

## टप्पा ६: आरोग्य, आठवडाभर आधी

धनुर्वाताची लस दहा वर्षांत झालेली नसेल तर ती घ्या. पायावर जखम, भेग किंवा मधुमेहाचं व्रण असेल, किंवा गरोदरपण असेल, तर पाण्याजवळचं काम नाही. लेप्टोस्पायरोसिससाठी (उंदीर-जनावरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप) आधी गोळी घ्यावी का हे डॉक्टर ठरवतील. गटात गोळ्या वाटू नका.

कामानंतर तीस दिवसांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं यातलं काही झालं तर डॉक्टरांना ‘नदीच्या पाण्यात काम केलं होतं’ हे सांगायचंच. बऱ्याच जणी सांगत नाहीत, मग साधा ताप समजून उशीर होतो. हजेरीची वही या कामासाठी जपून ठेवा.

## टप्पा ७: कामाचा दिवस

१. सुरक्षाप्रमुख आणि आणखी एक जण आधी पट्टा चालून बघतात. साप, उघडी वायर, रात्रीत वाढलेलं पाणी, नवा रासायनिक वास.
२. पाण्याच्या कडेला काठी रोवून तिच्यावर खूण करा. दर १५ मिनिटांनी बघा. पाणी चार बोटं चढलं, एकदम गढूळ झालं किंवा पालापाचोळा वाहत येऊ लागला की शिट्टी.
३. वरच्या काठापासून सुरुवात करा, मग उतार, शेवटी पाण्याची कड. उलट केलं तर वरचा कचरा घसरून साफ जागेवर येतो.
४. चौघींच्या गटात दोघी वेचतात, एक पोतं धरते, एक वाहते. दर २० मिनिटांनी कामं बदला.
५. पोतं अर्धंच भरा. ओला कचरा जड असतो. अर्ध्या पोत्याचं वजन १२-१५ किलोच्या पुढे जाऊ देऊ नका. उचलायचं दोघींनी.
६. अडीच तासांत थांबा. त्यानंतर माणसं घसरू लागतात.

पाण्यात उतरणं टाळाच. उतरावं लागलं तर बुटाच्या निम्म्या उंचीपर्यंतच, तेही पाणी जवळजवळ स्थिर आणि तळ काठीने चाचपलेला असताना. कमरेला दोर बांधून प्रवाहात जायची पद्धत धोक्याची आहे: माणूस पडला की ताणलेला दोर त्याला पाण्याखाली धरतो. बाहेरून फेकायचा दोर वेगळा.

गाळात रुतलेली साडी, गादी, ताडपत्री ओढून निघत नसेल तर दिसतो तेवढा भाग कापून घ्या. ओढाओढीत काठाची माती सुटते. काळा गाळ उपसायला जाऊ नका. त्यात अडकलेला वायू बाहेर येतो. सडक्या अंड्यासारखा वास आला तर बाजूला व्हा, आणि वास अचानक यायचा थांबला तर आणखी लवकर, कारण जास्त प्रमाणात तो वायू नाकाची जाणीवच मारतो. बंदिस्त नाला, चेंबर, मोरी यांत डोकंही घालायचं नाही. गटारात माणूस उतरवून धोकादायक सफाई करून घेणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

काठावरचं गवत, वाळुंज, करंज, उंबर तसंच राहू द्या. हिरवं खरवडून ‘स्वच्छ’ केलेला काठ पहिल्याच पुरात खचतो. झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, हे जेसीबीवाल्याला आठवण करून द्यावं लागतं.

सूचना: सुई टोचली तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, पिळू नका आणि सरळ सरकारी रुग्णालय गाठा. एचआयव्हीसाठीचं प्रतिबंधक औषध जितकं लवकर तितकं चांगलं, शक्यतो २ तासांत. ७२ तासांनंतर त्याचा उपयोग नाही. मानवी अवशेष किंवा संशयास्पद वस्तू दिसली तर हात न लावता ११२. रुग्णवाहिका १०८.

## टप्पा ८: वर्गवारी आणि वजन

वर्गवारीची जागा निळ्या पूररेषेच्या (साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द) बाहेर हवी, गाडीला लागून. ढीग असे:

- घट्ट प्लास्टिक, बाटल्या, धातू, काच
- पातळ पिशव्या आणि वेष्टनं
- कापड, गाद्या, चपला
- राडारोडा
- डायपर आणि सॅनिटरी नॅपकिन, वेगळ्या खुणेच्या पोत्यात
- सुया, ब्लेड, इंजेक्शनच्या बाटल्या: चिमट्याने थेट कॅनमध्ये, पाऊण भरला की बंद
- निर्माल्य
- देवाच्या तसबिरी आणि मूर्ती

शेवटच्या ढिगाचं काय करायचं हे वस्तीतल्या जाणत्या लोकांशी आधीच बोलून ठेवा. तसबिरी कचऱ्याच्या गाडीत टाकताना कुणी व्हिडिओ काढला की महिन्याभराचं काम त्या एका वादात जातं. काच-चौकट वेगळी करून कागद सन्मानाने द्यायची तयारी असलेली संस्था किंवा मंदिर बहुतेक भागात सापडतं.

‘प्लास्टिक विकून गटाला उत्पन्न’ असं कुणालाही सांगू नका. नदीतून निघालेलं प्लास्टिक मातीने माखलेलं, उन्हाने कडक झालेलं असतं. भंगारवाला त्यातलं थोडंच घेतो.

प्रत्येक ढिगाचं वजन ओलंच करा आणि वहीत ‘ओलं’ असं लिहा. पुढच्या वेळी वाळलेलं वजन घेतलंत तर तुलना संपली. शेवटचं पोतं गाडीत चढेपर्यंत जागाप्रमुख निघत नाही. सामूहिक फोटो त्यानंतर.

## टप्पा ९: जलपर्णी असेल तर

आधी खालच्या बाजूला काठापासून काठापर्यंत तरंगता दोर बांधा, मग वरून सोडवायला लागा. नाहीतर सुटलेले तुकडे खालच्या वस्तीत जाऊन तिथे वाढतात. अनुकूल हवामानात दोनेक आठवड्यांत ती दुप्पट होते, म्हणून चौथाई शिल्लक ठेवणं म्हणजे न काढल्यासारखंच.

काठावरून पंजाने ओढा. वजनात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असतं. पूररेषेबाहेर पसरून दोन-तीन दिवस सुकवली तर गाड्यांच्या खेपा खूप वाचतात. तणनाशक फवारू नका, सडलेली जलपर्णी उरलासुरला ऑक्सिजन खाते. मैलापाण्यात आणि कारखान्यांच्या पाण्यात वाढलेल्या जलपर्णीत जड धातू साठतात, तिचं खत भाजीला घालू नका.

## टप्पा १०: तरंगता अडथळा

हा जलसंपदा विभागाच्या लेखी परवानगीनेच. बंद नळ्या किंवा रिकामे कॅन जाड दोरात ओवून खाली ३०-४० सेंटिमीटर जाळी सोडतात. तो प्रवाहाला काटकोनात लावला की कचरा मध्ये साचून खालून निसटतो. तिरका लावा, म्हणजे कचरा घसरत एका काठाला येतो; तो काठ गाडी पोहोचेल असा निवडा. एका टोकाची गाठ मुद्दाम कमजोर ठेवायची: पाणी वाढलं की तेच टोक सुटून अडथळा दुसऱ्या काठाला लागतो, पुलाच्या खांबांत अडकत नाही. दर दोन दिवसांनी रिकामा करणारी पाळी नसेल तर लावूच नका. मे संपण्याआधी तो काढून ठेवायचा.

## टप्पा ११: मैलापाण्याचा पाठपुरावा

कचरा काढल्याने नदी दिसायला सुधारते. पाण्याचा ऑक्सिजन मैलापाणी थांबल्याशिवाय वाढत नाही. म्हणून टप्पा २ चा तक्ता आता बाहेर काढा.

एका पत्रात एकच मागणी करा. मलनिस्सारण विभागाला: ‘त-४ या पावसाळी गटारातून कोरड्या दिवसात सरासरी इतके लिटर मैलापाणी येते, जोडणी शोधून मलवाहिनीला जोडावी.’ रंगीत किंवा रासायनिक वासाचं पाणी असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला: ‘त-७ वर अधिकृत नमुना घ्यावा’, सोबत ते पाणी कोणत्या वारी, कोणत्या वेळी येतं ती नोंद. बारा तोंडांची एकत्र तक्रार केली की ती पाच टेबलांवर फिरते आणि कुणाचीच होत नाही.

महिन्यात हालचाल नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपये शुल्कासह. ‘नदी का साफ होत नाही’ हा प्रश्न बाद होतो. असं विचारा: आवक क्रमांक अमुकवर झालेल्या कार्यवाहीची टिपणी, या भागातल्या मलवाहिन्यांचा नकाशा, शुद्धीकरण केंद्रात गेल्या सहा महिन्यांत रोज आलेलं आणि प्रक्रिया झालेलं पाणी. उत्तराची मुदत ३० दिवस. न आल्यास पहिलं अपील.

तपासा: दर महिन्याच्या एकाच तारखेला तीच तोंडं, तीच वेळ, तीच बादली. मोजणी दोघींनी शिकून घ्या, एक गावाला गेली तरी खंड पडू नये. पावसाळ्यात मोजणी आणि सफाई दोन्ही बंद. विसर्जनानंतर काठावर आलेलं निर्माल्य फक्त वरच्या वर उचला. ऑक्टोबरअखेर पाणी उतरलं की टप्पा २ ची फेरी पहिल्यापासून करा, कारण पुराने काही तोंडं गाळाखाली गेलेली असतात आणि उन्हाळ्यातल्या बांधकामांची नवी तोंडं उघडलेली असतात.